एक तास पन्नास मिनिटं

दोन वेगवेगळ्या तिकिटांवर पुढं जाणारा माणूस म्हणजे दोन माणसं असतात, आणि ती दोघं एकमेकांना जोडायला विमानतळावर चार तास लागतात. हे मला ठाऊक होतं. तिकिटाच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि मी चष्मा लावून ते वाचलंही होतं. या वैरागड्यांना, म्हणजे मला, नियम माहीत नव्हता, असं उगाच कोणी म्हणू नये.

माझं म्हणणं एवढंच होतं की चार तास जास्त आहेत. मी एसटीत तेहेतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. यवतमाळची गाडी आली नाही म्हणून चंद्रपूरची गाडी मी कितीदा थांबवून धरली, त्याची गणती नाही. मागची आली नाही तर पुढची थांबते, अशी माझी पक्की समजूत. तिकिटं काढून देणाऱ्या आसावरीबाई म्हणाल्या, "काका, सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. माणूस एकच राहतो. उशीर झाला तरी पुढं पोचवायची जबाबदारी त्यांची असते."

पण त्या तिकिटाचा दिवस अमावस्येचा निघाला, आणि माझी बायको कुमुद अमावस्येला रिक्षातसुद्धा बसत नाही. "मग दोन वेगळी घ्या, पण नागपूरहून सकाळच्या विमानानं निघा," आसावरीबाई म्हणाल्या. "मुंबईत सहा तास मिळतील."

"सहा तास ती बाई तिथं काय करेल? माश्या मारेल?" असं म्हणून मी त्यानंतरचं विमान घेतलं. मध्ये एक तास पन्नास मिनिटं उरत होती. मला वाटलं, कुमुद साधी बाई आहे, बोलायला थोडकी. तिला जोडायला असा किती वेळ लागणार?

ती जाणार होती शाल्मलीकडे. शाल्मली आमची एकुलती मुलगी, टोरांटोला असते. आठव्या महिन्यात होती आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला बंदी केली होती. याआधीची दोन बाळं पोटातच गेली होती. जावई दिवसभर कामावर. फोनवर ती आईला म्हणाली, "तू ये गं. तू शेजारी असलीस की मला झोप लागेल. बाकी काही नको." त्याच संध्याकाळी कुमुदनं डिंक तळायला घेतला.

निघायच्या वेळेला राहुकाळ येत होता, म्हणून आदल्या दिवशी शेजारच्या धोटेकाकूंकडं प्रस्थान ठेवलं. प्रस्थान म्हणजे पिशवीत तांदूळ, सुपारी, एक लुगडं घालून ती चांगल्या मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग माणूस निघाला असं धरतात, तो घरी बसून पिठलंभात खात असला तरी.

मी मुंबईपर्यंत पोचवायला गेलो. माझं जाऊन येऊन एकच तिकीट होतं, त्यामुळं मी एकच राहिलो.

नागपूरला धुकं पडलं. विमानात बसवून आम्हाला सव्वा तास तसंच ठेवलं. कुमुदनं लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. तिनं एकदाच विचारलं, "थांबतील ना हो ते?"

"थांबतात," मी म्हणालो. "मी नाही का थांबवत होतो?"

मुंबईच्या जोडणी कक्षात पोचलो तेव्हा तिथल्या पिंगळेबाईंनी घड्याळ पाहिलं आणि नोंदवही उघडली. बाई शांत होत्या. त्यांच्या टेबलासमोर दोन बाकं होती, समोरासमोर. एका बाकावर कुमुद आधीच बसलेली होती. म्हणजे दुसऱ्या तिकिटावरची कुमुद. ती अगदी पासपोर्टच्या फोटोतल्यासारखी होती, सहा वर्षं तरुण, दोन्ही कान दिसतील असे केस मागं घेतलेली, ओठ मिटलेली. तिच्या हातात काही नव्हतं.

"यांना काय काय माहीत आहे?" मी विचारलं.

"तिकिटावर आहे तेवढं. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, जेवण शाकाहारी. खिडकी नको, कडेची जागा हवी." पिंगळेबाईंनी कुमुदकडं पाहिलं. "घरून कधी निघालात?"

"काल. प्रस्थान ठेवलं होतं."

"मग तुम्हाला समजावून सांगायला नको. पिशवी पुढं जाते, माणूस मागं असतो. वेळ असला की मागचा माणूस पुढच्याला गाठतो. तुमच्याकडं बावीस मिनिटं आहेत. बावीस मिनिटांत माणूस जोडला जात नाही."

"मग विमान थांबवा," मी म्हणालो.

"कशासाठी? त्यांचा प्रवासी हजर आहे." त्यांनी दुसऱ्या कुमुदकडं बोट केलं. "तो वेळेवर आलेला आहे."

मी खूप बोललो. तेहेतीस वर्षांची नोकरी सांगितली, मुलीचं सांगितलं. पिंगळेबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, यातली सहा मिनिटं तुम्हीच घेतलीत. आता यांना बोलू द्या."

कुमुद समोरच्या बाकावर बसली आणि तिनं त्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, "तिला शाल्मली म्हण. शालू म्हणू नको, तिला आवडत नाही."

मी तिला तीस वर्षं शालू म्हणत आलो आहे.

"तुपाचा वास तिला सहन होत नाही या दिवसांत, फोडणी दार लावून दे. रात्री पाय सुजतात. रडली तर पाठीवर हात फिरवू नको, त्यानं तिला जास्त रडू येतं. नुसती जवळ बस. पहिलं गेलं तेव्हा मी तिच्यापाशी नव्हते. दुसरं गेलं तेव्हा यांचं ऑपरेशन होतं, मी दवाखान्यात. ती फोनवर म्हणाली, काही नाही गं, होतं असं. तेव्हा मला कळलं की ती माझ्यावर रागावली आहे. ते अजून राहिलंय बोलायचं. आणि माझी आई गेली ना, तेव्हा शाल्मली चार वर्षांची होती, तिनं मला..."

"अगं मुद्द्याचं सांग, कुमुद!" मी ओरडलो. "पत्ता सांग, जावयाचं नाव सांग!"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मुद्द्याचंच सांगून राहिले."

दुसरी कुमुद लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिनं अदबीनं विचारलं, "मुलगी म्हणजे आपली दोघींची?" कुमुदनं मान हलवली आणि मग तिला पुढचं बोलताच येईना. तशीच हात धरून बसून राहिली. चार-पाच मिनिटं त्यातच गेली. मी घड्याळाकडं बघत होतो आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

पिंगळेबाई उठल्या. कुमुदच्या पर्समधला पासपोर्ट काढून त्यांनी दुसरीला दिला. लाडवांचा डबा गेला नाही, कारण तो पहिल्या तिकिटाचा होता. नोंदवहीत त्यांनी लिहिलं: मुलगी, आणि थोडं किरकोळ.

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं यांच्यापाशीच राहिलं. सहा महिन्यांच्या आत त्या परत आल्या तर इथं या, चार तास काढून. राहिलेली जोडणी करून देऊ. सहा महिन्यांनंतर होत नाही."

दुसरी कुमुद दारापर्यंत गेली, वळली आणि नमस्कार करून निघून गेली. तिची चाल कुमुदचीच होती.

माझं परतीचं तिकीट सोडून देऊन मी कुमुदला रेल्वेनं नागपूरला आणलं. रेल्वेला हा नियम नाही. मग मी कुमुदच्या नव्या पासपोर्टसाठी अर्ज केला. उत्तर आलं की सदर महिला परदेशात असून पासपोर्ट त्यांच्याजवळच आहे. ते खरंच होतं. धोटेकाकू प्रस्थानाची पिशवी परत घेऊन आल्या, त्यांनी कुमुदला पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही राहिल्यात होय?" एवढंच. आमच्या गल्लीत अशी आणखी दोन घरं आहेत.

तिसऱ्या दिवशी शाल्मलीचा फोन आला. "बाबा, किती वेळ ठेवला होता मध्ये?"

मी सांगितलं. तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "त्या मला विचारतात, तुमचं जेवण झालं का. तुमचं! माझ्या आईच्या तोंडानं." आणि ती रडायला लागली. कुमुदनं फोन घेतला, "मी आहे ना गं इकडे, बोल माझ्याशी," म्हणाली. पण बोलायचं ते फोनवर जमत नव्हतं, आणि जवळ बसायचं तर नाहीच.

नवव्या दिवशी कळा सुरू झाल्या, पाच आठवडे आधी. कुमुद फोन समोर ठेवून देवाजवळ बसून राहिली, पाणीसुद्धा प्याली नाही. पहाटे जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती, पावणेदोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवली होती, पण जगणार होती. दोन दिवसांनी शाल्मली बोलली. "त्या रात्रभर माझ्याजवळ होत्या. नुसत्या बसून होत्या, बाबा. हात नाही फिरवला पाठीवर."

कुमुद स्वयंपाकघरात जाऊन रडली. आनंदानं रडली आणि दुसऱ्याही कशानं तरी रडली. मी बाहेरच थांबलो. आत जायचं मला तोंड नव्हतं.

मग फोन हळूहळू कमी झाले. शाल्मली आधी "त्या" म्हणायची, मग "मावशी" म्हणायला लागली. फेब्रुवारीत एकदा म्हणाली, "त्यांना माझ्या लहानपणचं काहीच माहीत नाही, मग मीच सांगते रोज थोडंथोडं. बाळ झोपलं की आम्ही बोलत बसतो. ऐकून घेतात सगळं. मधे टोकत नाहीत." मार्चमध्ये ती "आई" म्हणाली. मी कुमुदकडं पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. सहा महिने एकोणीस जूनला संपत होते आणि परतीचं तिकीट अकरा जूनचं होतं. त्या दिवशी मुंबईत मी चार नव्हे, पूर्ण नऊ तास ठेवले होते. तिनं कॅलेंडरवर काही खूण केली नव्हती, पण रोज सकाळी ती तिथं जाऊन उभी राहायची.

मे महिन्यात एका रविवारी शाल्मलीनं व्हिडिओ कॉल लावला. बाळ मांडीवर होतं, गुबगुबीत झालेलं, आणि रडत होतं.

"पोट दुखत असेल गं तिचं," कुमुद म्हणाली. "ओव्याचा शेक दे."

शाल्मलीनं मागं वळून हाक मारली, "आई, ओव्याचा शेक देऊ का गं हिला?"

आतून आवाज आला, "नको, भूक लागलीय तिला." आवाज कुमुदचाच होता, जरा तरुण. शाल्मलीनं बाळाला पदराखाली घेतलं आणि ते गप्प झालं.

"बरोबर आहे तिचं," कुमुद म्हणाली.

मग शाल्मली म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. आम्ही आईच्या व्हिसाची मुदत वाढवून घेतली. ती राहते म्हणाली वर्षभर. मीच म्हटलं, राहा. अकराचं तिकीट रद्द केलंय."

"अगं पण जोडणी एकोणीस जूननंतर होत नाही," मी म्हणालो. "शालू, तुझी आई इथं वाट पाहून राहिली आहे!"

शाल्मलीनं खाली मान घातली. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "मला कळतं, बाबा. पण जोडल्यावर कोण परत येईल, हे मला कोणी सांगत नाही. हिला मी सगळं सांगितलंय. जे कधीच कुणाला बोलले नव्हते, तेही. ती त्याच्यावर काही म्हणाली नाही. मला आता परत पहिल्यापासून नाही करता येणार."

कुमुदनं माझ्या हातातून फोन घेतला. तिनं स्क्रीनवर बाळाकडं पाहिलं, मग शाल्मलीकडं. तिला खूप काही सांगायचं असणार. चार तासांचं तरी होतंच.

"झोपते का नीट रात्री?" तिनं विचारलं.

"हो, झोपते. दोघीही झोपतो." शाल्मलीनं डोळे पुसले आणि ती जरा हसली. "चला, आईला फिरायला न्यायचंय. ठेवते हं, काकू."

तिचं तिला कळलं नाही. तिकडं कुणी तिला टोकलं नाही आणि इकडं मीही टोकलं नाही.

"बरं बाई, ठेव," कुमुद म्हणाली, आणि परक्या माणसासमोर नीट करते तसा तिनं खांद्यावरचा पदर नीट केला.