इस्त्रीच्या टेबलापलीकडचे पालशेतकर

पालशेतकरांना मी ऑफिसबाहेर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते डोक्यावरून फुलाफुलांची चादर घेऊन, इस्त्रीच्या टेबलापुढे उभे राहून, एका जुन्या प्रेशर कुकरचा भाव पाडत होते. वय पन्नाशीच्या पुढे, मिशी भरघोस, आवाज मात्र एखाद्या खमक्या ओमानी आजीचा. टेबलाच्या पलीकडे रऊफ नावाचा शिंपी घाम पुसत उभा होता.

"एवढा महाग? वल्ला, पलीकडचा याच्या निम्म्यात देतो," आजी म्हणाल्या.

"मग पलीकडं जावा ना," रऊफ म्हणाला.

"पडदा!" पालशेतकर ओरडले आणि त्यांनी चादर काढली. "नापास. पुढच्या शुक्रवारी ये. वहिनी, तुम्ही बसा. चहा ठेवतो."

सांगते. पालशेतकर आमच्या बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते आणि मी त्याच कंपनीच्या, मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या ऑफिसात पासपोर्ट, व्हिसा, रजा असली कागदाची कामं बघायची. माझं सासर त्यांच्या गुहागरकडच्या गावाला लागूनच, म्हणून साऱ्या ऑफिसची मॅडम असलेली मी त्यांची वहिनी. रऊफ दापोलीकडचा. मत्रहच्या बाजारात तो दुसऱ्याच्या दुकानात दिशदाशा शिवायचा, म्हणजे ओमानी पुरुष घालतात ते पायघोळ झगे. त्याला स्वतःचं दुकान काढायचं होतं. ज्याच्या नावावर परवाना निघेल असा ओमानी अर्बाब मिळाला होता, गाळा ठरला होता, अर्ज मीच टाइप करून आणला होता. राहिली होती पालशेतकरांची तालीम.

ही तालीम सरकारच्या कुठल्याही नियमात नव्हती. पण नव्वदच्या दशकात मस्कतमध्ये आमच्या ओळखीतलं कोणी दुकान काढायला निघालं, की त्याला आधी शुक्रवारी सकाळी दहाला पालशेतकरांच्या एका खोलीच्या घरी हजर व्हावं लागे. इस्त्रीचं टेबल हा गल्ला. घरातलं जे सापडेल तो माल. होतकरू दुकानदार आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला एकटे पालशेतकर, सगळी गिऱ्हाइकं होऊन. "गिऱ्हाईक आधी, दुकान मागून," हे त्यांचं वाक्य. दुकान कुणीही काढतं, गिऱ्हाईक सोसता आलं पाहिजे, असा त्याचा अर्थ.

मला लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून त्यांच्या गिऱ्हाइकांची मी यादी केली. अकरा भरली. भाव पाडणारी आजी, सगळं उलगडून काहीच न घेणारा इंजिनिअर, वापरलेली वस्तू तीन दिवसांनी परत आणणारा, "तुमच्या सेठला बोलवा" म्हणणारा, उन्हातून आलेला आणि फक्त पंख्याखाली उभा राहणारा ड्रायव्हर, बाळ रडतंय म्हणून घाईत असलेली केरळी नर्स. बाळासाठी उशी घ्यायचे आणि रडायचेही स्वतःच. ही माणसं त्यांनी मनाने रचली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी ते मत्रहच्या बाजारात जात आणि काही न घेता लोकांच्या मागे मागे फिरत. एकदा एका बाईंनी पोलिसाला बोलावलं होतं. पालशेतकरांनी पोलिसाला विचारलं, "साहेब, तुम्ही चपला घेताना आधी भाव विचारता की माप?" पोलिसाने विचार करून सांगितलं, "माप." पालशेतकरांनी घरी येऊन बारावं गिऱ्हाईक बसवायला घेतलं.

कोकणातल्या दुकानदाराचा आजार त्यांना नेमका ठाऊक होता. आपला माणूस गल्ल्यावर बसला की गिऱ्हाईक म्हणजे त्याला झोपमोड वाटते. मान वर न करता "नाहीये" म्हणायची त्याला पिढ्यान् पिढ्यांची सवय. "इथे एक ते चार बाजार बंद असतो," पालशेतकर म्हणत, "आपल्या लोकांना वाटतं, हा देश आपल्यासाठीच बनवलाय. पण चारनंतर उघडावं लागतं हो!" म्हणून त्यांच्या तालमीत "नाही" हा शब्द बंद होता. नसलेली वस्तूसुद्धा "उद्या आणून ठेवतो" अशी असायची, आणि उद्या खरोखरच आणून ठेवायची.

रऊफला पास व्हायला सहा शुक्रवार लागले. शेवटची परीक्षा ईदच्या आदल्या संध्याकाळची होती. पालशेतकर एकटेच सहा गिऱ्हाइकं झाले, दारातून आत बाहेर पळत राहिले, प्रत्येकाला आपली दिशदाशा आधी हवी. मान घट्ट, बाही आखूड, गळ्याचा गोंडा विसरला. रऊफ हात जोडून प्रत्येकाला पाणी देत होता. शेवटी पालशेतकरच दमून खाली बसले. "पास," ते धापा टाकत म्हणाले. रऊफचं दुकान आजतागायत चालू आहे. त्याच्यासारखी नऊ दुकानं मी मोजली आहेत. कुणाकडूनही पालशेतकरांनी काही घेतलं नाही. उद्घाटनालाही जात नसत. "खरी गिऱ्हाइकं आली, आता माझं तिथे काय?" एवढंच म्हणत.

मग आमच्या ऑफिसात ते पत्र आलं. स्टोअरकीपरच्या जागा आता ओमानी माणसांना द्यायच्या होत्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. देश त्यांचा, मुलं त्यांची, आज ना उद्या हे होणारच होतं. पण पालशेतकरांच्या हातात सहा महिने होते. त्या सहा महिन्यांत येणाऱ्या माणसाला काम शिकवायचं आणि मग व्हिसा रद्द करून गावी जायचं. नाहीतर त्याआधी इथेच दुसरा आधार शोधायचा.

आलेला माणूस होता खलफान. आधी सैन्यात ड्रायव्हर, तीन मुलांचा बाप, राहणारा मस्कतबाहेरच्या अल् अमेरातचा. शांत आणि हट्टी. हिंदी तो छावणीत शिकला होता, म्हणजे क्रियापदं कमी आणि जोर जास्त. आपली जागा घेणाऱ्याला कोण मनापासून शिकवतो? पालशेतकरांनी शिकवलं. स्टोअरच्या खिडकीबाहेर उभे राहून ते स्वतःच सुपरवायझर होत, पावतीशिवाय सिमेंट मागत, आरडाओरडा करत. खलफान आतून थंडपणे म्हणे, "कागज लाओ, फिर चिल्लाओ." पालशेतकर आनंदाने मला फोन करत, "वहिनी, पोरगा हिरा आहे!" पोरगा चाळिशीचा होता.

चार महिने गेले आणि पालशेतकर स्वतःबद्दल चकार शब्द काढेनात. तेव्हा मीच कागद घेऊन बसले. कुठे जागा रिकामी आहे, कोण व्हिसा देईल, कंपनीचं ना हरकत पत्र कधी मागायचं, सगळं लिहून काढलं. जागा एकही नव्हती. उरलं एकच: दुकान. रऊफच्या शेजारचा छोटा गाळा रिकामा होत होता. बटणं, चेन, दोरे, अस्तरं. त्याचा अर्बाबही तयार होता.

"भाऊ, नऊ दुकानं तुमी उभी केलीत, धावं तुमचं," रऊफ म्हणाला.

"बघू," पालशेतकर म्हणाले.

"बघू नाय. तालीम. शुक्रवारी धा वाजता."

त्या शुक्रवारी इस्त्रीच्या टेबलामागे पहिल्यांदा पालशेतकर उभे राहिले आणि बाहेर आम्ही तिघं, रऊफ, खलफान आणि मी. मी आधी पुढे झाले. शर्टाची सहा बटणं मागितली.

पालशेतकरांनी बटणांचा डबा उघडला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, घरी जुन्या शर्टाची असतील की. उगाच कशाला नवी?"

"भाऊ!" रऊफ ओरडला.

मग रऊफ गिऱ्हाईक झाला. त्याला पालशेतकरांनी सांगितलं, की हा दोरा कच्चा आहे, पलीकडच्या गल्लीत पक्का मिळतो. खलफानने चेन मागितली. पालशेतकरांनी ती तीनदा उघडबंद केली आणि "ही अडकते" म्हणून परत ठेवून दिली. खलफानला चेन खरंच हवी होती, त्याच्या पोराच्या दप्तराला. तो म्हणाला, "अरे, हम को अडकनेवालाही दो!"

तीन शुक्रवार हेच. पालशेतकरांना गिऱ्हाइकाचं मन इतकं पाठ होतं, की गल्ल्यामागे उभे राहिले तरी ते गिऱ्हाइकाच्याच बाजूने बोलत. तिसऱ्या शुक्रवारी रऊफने कपाळावर हात मारला. "पडदा. भाऊ, मी सहा शुक्रवारांत पास झालो. तुमी साठांत नाय व्हायचे."

खलफान जास्त स्पष्ट होता. "पालसेत, तुम आदमी बहोत अच्छा. लेकिन तुम दुकान में बैठेगा तो दुकान मर जाएगा. खलास."

पालशेतकर मनापासून हसले. "मग ठरलं. जातो गावी. घर आहे, भाऊ गेला तरी त्याचा मुलगा तिथेच आहे, झाडं आहेत. आणखी काय लागतं?" आणि चहा ठेवायला वळले. मी माझ्या कागदावर तिकिटाची तारीख विचारून लिहिली. काम म्हटलं की मी लिहिते. पण त्या दिवशी अक्षर नीट आलं नाही.

निघायला तीन आठवडे उरले असताना खलफानने आम्हा तिघांना घरी बोलावलं. अल् अमेरातला तेव्हा नुसती घरं उठत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विटा, वाळू, पाण्याचे टँकर. त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, आम्ही गालिच्यावर बसलो. खजूर आले, कडू कॉफीचे इवलेसे कप आले.

ओमानी घरात कामाचं बोलायची घाई नसते. यजमान आधी खबर विचारतो, आणि पाहुणा "खबर काही नाही, सगळं ठीक" असंच म्हणतो. घर कोसळलेलं असलं तरी पहिल्यांदा हेच म्हणायचं. कॉफी झाली की यजमान पुन्हा विचारतो. खरी खबर असेल तर ती तेव्हा सांगायची.

खलफानने विचारलं. पालशेतकर म्हणाले, "खबर कुछ नहीं. सब ठीक." दोन कप झाले. खलफानने तिसरा भरला आणि तितक्याच शांतपणे पुन्हा विचारलं, "पालसेत, खबर?"

पालशेतकर कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी रऊफला आणि मला सांगावं तसं मराठीत सांगायला सुरुवात केली.

"वहिनी, माझी बायको, सुलभा, जाऊन आता सात वर्षं झाली. तुम्हाला कळवलं नव्हतं. रजा घेऊन गेलो, दिवस करून आलो. मूलबाळ नाही. दरवर्षी दोन महिन्यांची रजा घेतो आणि तीन आठवड्यांत परत येतो, ते तुमच्या रजिस्टरात असेलच." ते होतं. मी कधी विचारलं नव्हतं. "गावी पुतण्याची बायको चांगली आहे. पण मी अंगणात शिरलो की ती दारातून विचारते, कोण हवंय? दर वर्षी विचारते. तिची चूक नाही, मी असतोच कुठे तिथे? मग मी सांगतो, मी यांचा काका. मग ती पाणी आणते. पाहुण्याला आणावं तसं." त्यांनी कप खाली ठेवला. "इथे निदान शुक्रवारी कुणी तरी दार वाजवायचं."

रऊफ मान खाली घालून खजुराची बी बोटांत फिरवत बसला. मी खलफानला हिंदीत अर्थ सांगितला. त्याने ऐकून घेतला आणि मान हलवली, स्टोअरमध्ये माल बरोबर आलाय हे कळल्यावर हलवायचा तशी.

"हम इधर दुकान खोलता है," तो म्हणाला. "सिमेंट, पाइप, नल, सब. सारा अमेरात घर बनाता है. नौकरी सुबह का, दुकान शाम का. एक आदमी का व्हिसा हमारे पास है. गल्ला पर हमारा मरियम बैठेगा." मरियम म्हणजे त्याची बायको, ती पडद्यामागून काहीतरी मोठ्याने म्हणाली, त्यावर तो हसला. "वो बोलती है, पालसेत को गल्ले को हाथ नहीं लगाने देगी. पालसेत पीछे स्टोअर देखेगा. माल देखेगा. अडकनेवाला चीज आएगा, तो वापस करेगा."

चौथा कप पुढे आला तेव्हा पालशेतकरांनी तो घेतला.

मी तोच होकार धरला आणि पर्स उघडली. माझ्याकडे कोरा अर्ज असतोच. "पासपोर्टची प्रत, सहा फोटो, आमच्याकडचं ना हरकत पत्र. ते मी उद्याच साहेबांकडून सही करून घेते," मी म्हणाले, आणि तिथेच गालिच्यावर भरायला बसले. नाव, जन्मगाव, वडिलांचं नाव. मग पुढची ओळ आली: काही बरंवाईट झाल्यास कोणाला कळवावे. नातं.

एरवी मी ही ओळ विचारतही नाही, माणसं आपोआप सांगतात. पालशेतकर रिकामे कप गोळा करू लागले.

"हमारा नाम लिखो," खलफान म्हणाला.

"का म्हणून? मी आधीपासून वळखतो भाऊला," रऊफ उसळला. "लिवा वहिनी, रऊफ. मत्रह."

"व्हिसा किसका? हमारा!"

"व्हिसा तुजा असंल, माणूस आमचा हाय!"

एक मराठीत, एक हिंदीत, दोघं हात नाचवत भांडू लागले. पालशेतकर दोघांच्या मध्ये बसले होते आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. ते आजी झाले नाहीत, इंजिनिअर झाले नाहीत, कुणीच झाले नाहीत. मिशीखाली ओठ घट्ट मिटून नुसते ऐकत राहिले.

ओळ एकच होती. मी बारीक अक्षर काढलं आणि दोघांचीही नावं लिहिली.

नात्याच्या रकान्यात काय लिहायचं, ते मात्र मी पालशेतकरांना विचारलं.

"लिहा ना," ते म्हणाले, "घरचे."