दूध तुमचं, साखर त्यांची

सोनकांबळे साहेबांकडे चहा प्यायचा असेल, तर दूध आपण न्यायचं. साखर शेजारच्या जहीरभाईंनी आणायची. साहेब फक्त पाणी आणि पत्ती देतात. गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याला वाटतं, म्हातारा चिक्कू आहे. तसं नाही. ती त्यांची कामाची पद्धत आहे.

साहेब नियोजन खात्यातून निवृत्त झाले. नगरपालिका, पंचायत समित्या, ग्रामपंचायती यांना एका टेबलाशी बसवून आराखडा जुळवायचा, हे त्यांचं जन्मभराचं काम. मुखेडकडच्या एका गावानं शिवेपर्यंत रस्ता केला, पलीकडच्या लातूर जिल्ह्यातल्या गावानंही केला. मधल्या ओढ्यावरचा पूल मात्र कोणाच्याच हद्दीत बसेना. साहेबांनी ओढ्याकाठीच बैठक ठेवली. एका सरपंचानं दूध आणायचं, दुसऱ्यानं साखर, आणि ठराव झाल्याशिवाय चहा नाही. भर उन्हात भांडून भांडून सगळ्यांचे घसे कोरडे पडले. चहा झाला आणि पूलही झाला.

तेव्हापासून आमच्या गल्लीची नाली तुंबली तरी साहेब बैठक बोलावतात. टेबलावर प्रत्येकाच्या नावाची पाटी ठेवतात. कोणी मध्येच बोललं की म्हणतात, "पयले हद्द बगा, मग बोला." एकदा जहीरभाईंनी वैतागून स्वतःच बांबू घालून नाली मोकळी केली. ठराव नसताना काम केलं म्हणून साहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

काकू गेल्यापासून साहेब एकटेच असतात. थोरला मुलगा लातूरला, धाकटा निलंग्याला. वडिलांना कोणी न्यायचं यावरून दोघांचा अबोला. थोरला म्हणतो, शेत त्याला दिलंय, त्यानं बघावं. धाकटा म्हणतो, थोरला तो आहे. साहेब मला एकदा म्हणाले, "दोगंबी शिवेपर्यंत येतेत, सर. मधी मीच ऱ्हायलोय."

परवा काकूंचा स्मृतिदिन होता. साहेबांनी थोरल्याला दूध आणायला सांगितलं, धाकट्याला साखर. दोघंही बघतो म्हणाले. बैठकीला तिसरा माणूस असावा म्हणून मला बोलावलं होतं.

सकाळी बुद्धवंदना झाली. टेबलावर दोन पाट्या मांडलेल्या, गॅसवर पाणी उकळत होतं. थोरल्याचा फोन आला. धाकटा आला का, एवढंच त्यानं विचारलं. मग धाकट्याचा आला, त्याचाही प्रश्न तोच. साहेबांना खोटं बोलता येत नाही. दोघांनाही ते अजून नाही म्हणाले. दोघांनीही, तो आला की कळवा, असं सांगून फोन ठेवला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "कोरम न्हाई. सभा अर्धा तास तहकूब."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते जिरलं. अर्धा तास आम्ही दाराकडे बघत बसलो.

मग ते उठले. काळा चहा चार कपांत गाळला. एक मला दिला, एक स्वतःला, उरलेले दोन त्या पाट्यांपुढे ठेवले.

"तहकूब सभेला कोरम लागत न्हाई," ते म्हणाले. "नियम हाय तसा."

मी घरून दूध आणायला उठलो. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"राहू द्या, सर. दूध थोरला आणायलाय."