शेवटचं पान मेंढ्यांचं

मेंढे आमच्या घरातून बोलणं पुरं करून एकदाही गेलेले नाहीत. तासभर बसतील, दोनदा चहा घेतील, आणि दारात एक पाय चपलेत घालून म्हणतील, "वहिनी, खालच्या कुलकर्ण्यांचं कळलं ना तुम्हाले? राहू द्या. उद्या सांगतो." की दुसरा पाय चपलेत. त्यांच्या स्कूटरचा आवाज गल्लीबाहेर जाईपर्यंत माझी बायको दारातच उभी. मग ती मला विचारणार, कुलकर्ण्यांचं काय झालं? मला ठाऊक नसतं. त्यावर ती माझ्याकडे अशी पाहते, की जे काही झालं ते माझ्यामुळेच झालं असावं.

दुसऱ्या दिवशी कळतं की कुलकर्ण्यांनी फ्रिज बदलला.

हे मेंढे आणि मी मिळून एक रोजची मालिका लिहायचो. घरोघरी केबल आली होती, वाहिन्यांना दिवस पुरवून पुरवून भरायचा होता, आणि पुण्यात ज्याला म्हणून चार संवाद लिहिता येतात त्याला काम मिळत होतं. सदाशिव पेठेत एका टायपिंग क्लासच्या वर आम्हाला खोली दिली होती. तिथून पानं मुंबईला जायची, आधी फॅक्सनं, नंतर ईमेलनं. कामाची वाटणी अशी होती की बावीस मिनिटांतली साडेएकवीस मिनिटं माझी आणि शेवटचं अर्धं मिनिट मेंढ्यांचं. म्हणजे सुनेचं लग्न मी लावायचं, तिला नांदवायची मी, सासूचं दुखणंखुपणं मी काढायचं, आणि मेंढ्यांनी फक्त दाराची बेल वाजवायची. सून दार उघडते, समोर बघते, हातातलं ताट पडतं. संपला भाग.

महाराष्ट्र त्या ताटासाठी थांबायचा. माझ्यासाठी कोणी थांबत नसे.

मेंढे मूळचे वर्ध्याकडचे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि बिबवेवाडीत राहिले. इतकी वर्षं पुण्यात राहूनही त्यांची भाषा तसूभर हलली नव्हती. हुक, म्हणजे भागाचा तो अडकवणारा शेवट, कसा लिहायचा याचं त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं. "लिमये, कडी वाजवाची. दार उघडाचं नाही." पान लिहून झालं की ते खाली अमृततुल्यमध्ये जात आणि शेवट तिथल्या मालकांना, ते चहा उकळत असताना, वाचून दाखवत. चहा उतू गेला तर पान पास. नाही गेला तर वर येऊन नव्याने लिहीत. पुढे पुढे मालक मेंढ्यांना येताना पाहिलं की स्टोव्हच बंद करत.

एकदा मेंढे गावी गेले असताना शेवटचं पान मी लिहिलं. चांगलं तीन तास बसून लिहिलं. नायिका पत्र उघडते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. मीही ते घेऊन खाली गेलो. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, चहा गाळला, आणि विचारलं, "साखर कमी घालू का?"

मी मेंढ्यांवर जळत होतो. हे इथे सरळ सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

रविवारी सकाळी मी बिबवेवाडीला जायचो. आठवड्याच्या भागांचं आम्ही तिथे बसून ठरवत असू. मेंढ्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा मंगेश कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा फोन येई तो आठ वाजता. मेंढे स्वतः कधी लावत नसत. "आपण लावला तर तो घेतेच," ते म्हणत, "त्यात काय?"

त्या वर्षी गावचं घर विकलं, आणि भावानं एक लोखंडी ट्रंक ट्रान्सपोर्टनं पाठवून दिली. मंगेशच्या आईची. ती जिन्यावरून वर चढवायला मीच हात लावला होता. उघडलीही आम्ही दोघांनी त्याच संध्याकाळी. आत तीन गोधड्या आणि एक रिकामा पितळी डबा. मेंढ्यांनी गोधड्या उन्हात टाकल्या, डबा घासून ओट्यावर ठेवला. विषय संपला.

रविवारी मेंढे फोनवर म्हणाले, "मंगेश, तुझ्या आईची ट्रंक आली. पण कुलूप गंजलं आहे." पुढच्या रविवारी किल्ली सापडली, पण ती अर्धीच फिरली. त्याच्या पुढच्या रविवारी झाकण उघडलं, तर वरून कापड शिवलेलं, आणि त्यावर आईच्या हातचे टाके. "उसवू का नको, याचाच विचार करून राहिलो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ट्रंक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मी, समोर आ वासून बसलो होतो. असे नऊ रविवार गेले. शेवटी शेवटी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा माणूस रिकाम्या डब्यावर नऊ भाग चालवतो, आणि मला भरल्या घरात एक चालवता येत नाही.

एका गुरुवारी माझ्याकडे मंगेशचा फोन आला. बाबांचा लागत नव्हता म्हणून. त्याच दिवशी दुपारी बायको जेवता जेवता म्हणाली होती, "कालचा शेवट छान होता हो. मधलं जरा लांबलं." तो घास अजून माझ्या घशातच होता.

"काका," मंगेश म्हणाला, "त्या ट्रंकेत नक्की आहे तरी काय? मला इथे कामात लक्ष लागत नाही."

"अरे काही नाही रे," मी म्हटलं. "तीन गोधड्या आणि एक रिकामा डबा. पहिल्याच दिवशी उघडली आम्ही."

तो हसला. "बाबा पण ना." मी फोन ठेवला. मेंढ्यांच्या गोष्टीचा शेवट आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिला होता, आणि मला फार बरं वाटलं.

रविवारी आठ वाजता फोन वाजला नाही. नऊलाही नाही. मेंढ्यांनी दोनदा रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि ठेवला. समोर कागद होता. त्यावर दहावा भाग लिहिलेला होता, कुठे थांबायचं तिथे खूण केलेली. बारा वाजले.

"ट्रंक येण्याच्या आधी तो महिन्यातून एकदा करे," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "कधी दोन महिन्यांनी. कामं असतात त्याले. ट्रंक आली अन् दर रविवारी करू लागला."

मग मात्र मला राहवेना. मी सांगून टाकलं. गुरुवारचं सगळं, जसंच्या तसं. का सांगितलं तेही.

मेंढे चिडले असते तर बरं झालं असतं. ते समोरचा कागद हातानं सरळ करत राहिले. "मले वाटलंच," मग म्हणाले. "तुम्हाले दार उघडून द्याची घाई फार, लिमये." आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मग त्यांनी फोन जवळ ओढला आणि नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. पलीकडे मंगेशच्या आवाजात इंग्रजी ऐकू आलं, नंतर एक लांब शिट्टी. आन्सरिंग मशीन. मेंढे माझ्याकडे पाहू लागले. मी हातानं खूण केली, बोला.

"मंगेश, मी बाबा. ट्रंकेत काही नाही बेटा. गोधड्या आहे. डबा रिकामा आहे. मले करमत नाही इथं एकट्याले. एवढंच सांगाचं होतं." त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि पंच्यानं तोंड पुसलं. पुढची चाळीस मिनिटं आम्ही मालिकेबद्दल बोलत होतो, पण दोघांपैकी कोणीही ऐकत नव्हतं.

फोन वाजला. मेंढ्यांनी उचलला, "हं" म्हणाले. ऐकत होते. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. चेहरा पार उतरला होता.

"लिमये, रडून राहिला हो तो," ते हळूच म्हणाले. "आता काय बोलू?"

बरोबर लिहायला लागल्यापासून आठ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच वाक्य मागितलं होतं.

"जेवलास का, विचारा," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं. उत्तर बरंच लांब असावं, कारण मेंढे पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसले आणि मध्येच म्हणाले, "भाताले पाणी जास्त झालं असंल. मग?"