प्रेमकादंबरीचं परीक्षण आणि दाढदुखी

प्रेमकादंबरी कोणीही वाचत नाही, हे सुसंस्कृत समाजाचं मुख्य लक्षण मानलं जातं. ती छापली जाते, खपते, वाचनालयात तिच्यासाठी नंबर लावावे लागतात, हाताळून हाताळून तिची पानं मऊ पडतात. पण वाचत कोणी नाही. आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात मुद्रितशोधक या नात्याने (म्हणजे इतरांच्या चुका काढण्याचा पगार घेणारा इसम या नात्याने) मी एकदा तोंडी पाहणी केली. प्रेमकादंबरी वाचणारे: शून्य. दुसऱ्याची नेऊन परत न करणारे: सात. 'शेवट सांगू नका हं' अशी विनंती करणारे: नऊ.

या न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांची परीक्षणं आमच्या रविवार पुरवणीत नेमाने येत, आणि ती मात्र लोक उघडपणे वाचत. परीक्षण वाचण्यात कमीपणा नसतो. ही परीक्षणं लिहिणाऱ्या बाईंचं लग्न झालं आणि महिन्याभरात त्यांनी कळवलं, की आता वाचताना हसू आवरत नाही, सबब हे काम जमणार नाही. जागा रिकामी झाली. पुरवणीच्या संपादकबाईंची (यांना आम्ही पाठीमागे पुरवणीबाई म्हणतो) नजर कार्यालयभर फिरली आणि भिंगांवर येऊन थांबली.

भिंग हे आमचे ज्येष्ठ समीक्षक. हे नाव त्यांना आईवडिलांनी नव्हे, लेखकांनी दिलं होतं. व्याकरण, तत्त्वज्ञान आणि पाटबंधाऱ्यांचा इतिहास या विषयांवरची पुस्तकं ते तपासत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या लेखकाने पुन्हा लेखणी उचलल्याचं फारसं ऐकिवात नाही.

"मी? प्रेमकादंबऱ्या?" भिंग म्हणाले.

"पाटबंधाऱ्यांवर या वर्षी काही आलेलं नाही," पुरवणीबाई म्हणाल्या.

"समाजाच्या ऱ्हासाचा अभ्यास म्हणून घेतो," असं म्हणून भिंगांनी पुस्तकांचा गठ्ठा बगलेत मारला, दिसायला नको म्हणून वर शब्दकोश ठेवला आणि ते घरी गेले.

पहिल्याच परीक्षणात (खाली नाव न छापण्याच्या अटीवर) त्यांनी नायिका शिडीवरून पडते आणि नायक तिला झेलतो या प्रसंगाचं गणित मांडलं. शिडीची उंची आणि नायक फाटकाशी उभा असल्याचा लेखकाचाच दाखला विचारात घेता, तो तिथे पोचेपर्यंत नायिका जमिनीवर पोचून, उठून, कपडे झटकत असायला हवी, असा त्यांनी निर्वाळा दिला. पुढच्या परीक्षणात एका नायकाचे डोळे आधी घारे आणि नंतर निळे झाल्याबद्दल प्रकाशकाकडे खुलासा मागितला. ज्या पुस्तकावर भिंग टीका करत, त्याचा खप त्याच आठवड्यात वाढे. (लोक डोळे तपासायला विकत घेत असावेत.)

यथावकाश या कामाचे परिणाम भिंगांच्या प्रकृतीवर दिसू लागले. ते तासन्‌तास खिडकीबाहेर बघत. खिडकीबाहेर स्कूटरी लावलेल्या असतात. कधी डोळे लाल दिसत. विचारलं तर "डोळे आलेत" म्हणत, आणि पुस्तक संपलं की आलेले डोळे जात. एकदा मी जवळ गेलो तेव्हा ते रुमालात नाक शिंकरत होते.

"ऱ्हास फार खोलवर गेलाय हो," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

मग ती कादंबरी आली. लेखिकेचं नाव दोन फुलांचं मिळून बनवलेलं होतं, त्याअर्थी ते खरं नसणार. गैरसमज होऊन दुरावलेल्या दोघांची गोष्ट. भिंगांनी ती दोनदा वाचली आणि मग तिच्यावर असे तुटून पडले, की त्यांना ती मनापासून आवडली आहे, याबद्दल मला शंका उरली नाही. त्यांनी लिहिलं: 'एका वाक्यात मिटणारा गैरसमज दोन सज्ञान माणसं दहा प्रकरणं जपून ठेवतात. हे मानवी स्वभावाला धरून नाही. लेखिकेने माणसं पाहिलेली दिसत नाहीत.'

त्या दिवशी दाढ ठणकत होती म्हणून ते घरीच होते, आणि परीक्षण पुरवणीबाईंना फोनवरून सांगत होते. त्याच वेळी वहिनी (भिंगांची पत्नी, आमच्या सगळ्या कार्यालयाच्या वहिनी) वाळलेले कपडे घेऊन गॅलरीतून आत आल्या. त्यांच्या कानावर पडलेला मजकूर पुढीलप्रमाणे:

"तुझ्याशिवाय ही संध्याकाळ मला उसवल्यासारखी वाटते... हो, अगदी तसंच... छे, पुढे नको, लोकांच्या डोळ्यांवर येईल. आत कुठेतरी, कोपऱ्यात... बायको? नाही हो, तिला यातलं काही माहीत नाही."

बोलण्यात अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत. भाषेतली ही गंभीर त्रुटी मी अनेकदा वरिष्ठांच्या निदर्शनास आणली आहे.

वहिनींनी कपड्यांच्या घड्या घातल्या. फक्त स्वतःच्या. दुसऱ्या दिवशी त्या बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"दादाकडे जातेय."

"परत कधी येणार?"

"बघू."

भिंगांनी हे उत्तर शब्दशः घेतलं. व्याकरणदृष्ट्या त्यांचं काही चुकलं नाही.

रविवारी परीक्षण छापून आलं. सोमवारी, मंगळवारी भिंग डबा न घेता कार्यालयात आले आणि एका बाजूने पाव चावत बसले.

"वहिनींना फोन करा ना," मी म्हटलं.

"का म्हणून? चूक माझी नाही."

"चूक काय झालीय पण?"

"ते मला माहीत नाही. पण माझी नाही."

शुक्रवारपर्यंत असंच चाललं. शेवटी गाल सुजून त्यांचा चेहरा जेव्हा दोन वेगवेगळ्या माणसांचा वाटू लागला, तेव्हा मी त्यांना धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वहिनीही त्यांच्याकडेच जात. मी बाहेर बाकावर बसलो. आतलं दार अर्धवट उघडं होतं. (मी ते ढकललं नव्हतं. फार नाही.)

इंजेक्शन झालं. गाल बधिर झाला.

"दुखतंय?"

"आ."

"पेपरात पुस्तकांवर लिहिता ते तुम्हीच ना?"

"आ!" एका स्वरातही अभिमान मावतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"लेखिकेने माणसं पाहिलेली दिसत नाहीत," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "रोज बघते मी माणसं. अगदी आतून. तोंड मोठं उघडा."

मशीन सुरू झालं. बाकावर माझी मूठ आपोआप आवळली गेली.

"आणि दोन सज्ञान माणसं एका वाक्यासाठी अडून राहत नाहीत म्हणता? परवा याच खुर्चीत तुमच्या मिसेस बसल्या होत्या. दात उत्तम आहेत. जबडा दुखतोय, दिवसभर दात आवळून धरतात म्हणून. म्हणे तुम्ही फोनवर कोणासाठी तरी उसवता. वाक्य ऐकलं आणि मला घाम फुटला. माझंच की ते!"

"आआ?"

"हलू नका. मी त्यांना तिथेच सांगणार होते. पण मी असलं लिहिते हे कळलं तर माझ्यापुढे तोंड कोण उघडेल? तुमच्यापुढे बोलायला हरकत नाही, तुम्ही आत्ता बोलूच शकत नाही. चूळ भरा. आणि असेच त्यांच्याकडे जा."

भिंगांनी गालाकडे बोट दाखवून काही हावभाव केले.

"बधिरपणा उतरेपर्यंत थांबू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थांबलात तर तुम्हाला शब्द सुचतील. मग तुम्ही त्यांच्याकडे खुलासा मागाल."

मेव्हण्यांनी दार उघडलं, भिंगांचा चेहरा पाहिला आणि बहिणीला हाक मारली. वहिनी बाहेर आल्या. भिंगांच्या ओठाची डावी बाजू खाली ओघळलेली होती आणि पापण्या फडफडत होत्या.

"अअतअणचिम्म," भिंग म्हणाले.

"काय?"

"तुय्याशिआय... ही शंध्याकाळ..."

वहिनींचा जबडा पुन्हा आवळला गेला. इथे मात्र माझी व्यावसायिक जबाबदारी उद्भवली. मी भिंगांच्या मागे उभा राहिलो, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं त्यांच्या कानांच्या बाजूला उभी केली आणि अवतरणचिन्हांसारखी वाकवून दाखवली. भिंग वाक्य पुन्हा म्हणाले. मी पुन्हा बोटं वाकवली.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"पुस्तकातलं आहे?"

"आ."

"आणि फोन पुरवणीबाईंना होता?"

"आ! आ!"

"बरं. ते झालं पुस्तकातलं. तुमचं स्वतःचं काही आहे का?"

भिंगांनी तोंड उघडलं. आयुष्यभर जमवलेली सगळी शब्दसंपत्ती त्या क्षणी बधिर होती. डोळे येत असल्यासारखे दिसू लागले.

"घयी शल," ते म्हणाले. "घय... उशवलंय."

मी बोटं खाली घेतली. या वाक्याला चिन्हं लागत नव्हती. शुद्धलेखनाबद्दलही मी काही बोललो नाही.

"अहो, आधी ती लाळ पुसा," वहिनी म्हणाल्या, आणि रुमाल द्यायला जवळ आल्या तेव्हा त्यांना हसू फुटलं. जबडा आवळून हसता येत नाही, ही वैद्यकीय गोष्ट आहे. बॅग मी उचलली.

पुढच्या रविवारी पुरवणीच्या कोपऱ्यात भिंगांच्या आग्रहावरून एक चौकट आली: 'गेल्या अंकातील परीक्षणात "मानवी स्वभावाला धरून नाही" याऐवजी "धरून आहे" असे वाचावे. मुद्रणदोषाबद्दल दिलगीर आहोत.' दोष अर्थातच माझ्या नावावर पडला. मी तो पगाराच्या अटींत बसवून घेतला.

असले प्रकार विद्वानांच्याच घरी होतात असं समजून आपण निर्धास्त असाल, तर रास्तच आहे. आपण व्यवहारी माणूस आहात. मघाशी आतल्या खोलीचं दार नेहमीपेक्षा जरा जोरात लागलं, तेव्हा आपण इथूनच "काय झालं?" असं रीतसर विचारलंत. "काही नाही," असं स्वच्छ उत्तर मिळालं. प्रकरण निकालात निघालं आणि आपण समाधानाने हे वाचायला घेतलंत.

दार अजून बंद आहे. आपलं चालू द्या.