काडतूस भरण्याच्या साध्या उपकरणाची निवड

साधी वस्तू निवडणं हे माणसाच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम आहे. अवघड वस्तूचं तसं नसतं. ती कुणीतरी आपल्या गळ्यात मारतो आणि आपण जन्मभर त्याला दोष देत राहतो. साधी वस्तू मात्र स्वतःच्या अकलेनं निवडावी लागते, आणि तिथंच भल्याभल्यांची गाडी अडते.

निवृत्त सुभेदार हंबीरराव यांची गाडी अशीच अडली. पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. पीक संरक्षणाच्या परवान्यावर मिळालेली बारा बोअरची बंदूक त्यांच्याकडे होती. तिची काडतुसं घरच्या घरी भरावीत, तीही एका वेळी चार-पाचच, एवढ्यापुरतं एक साधंसं उपकरण घ्यायचं होतं. (पिकात घुसणारी रानडुकरं मारायचा विचार नव्हता. त्याला परवानगी वेगळी लागते आणि नेमही वेगळा लागतो. नुसता हवेत बार काढून त्यांना डोंगरात परत पाठवायचं होतं.)

बार काढण्याची निकड होती ती त्यांच्या पत्नीला, साळूबाईंना. घरामागच्या पट्टीत त्यांनी आपल्या आईच्या वाणाच्या भुईमुगाच्या शेंगा लावल्या होत्या. दाणा बारका, साल जांभळी. हे बी बाजारात मिळत नाही. आई गेल्यावर माहेरी ते कुणी जपलं नाही, आणि होतं नव्हतं ते सगळं साळूबाईंनी त्या वर्षी मातीत घातलं होतं. हे पीक गेलं की वाण संपला. शेंगा भरू लागल्या तशी डुकरं रोज फेरी मारू लागली.

तोवर पिकाचं रक्षण साळूबाईच करत होत्या. तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा आणि बाभळीचं दांडकं घेऊन त्या सांज-सकाळ पट्टीतल्या राखणीच्या माळ्यावर बसत. डबा वाजला की डुकरं पळत. (यशाचं प्रमाण शंभर टक्के. मात्र ही आकडेवारी अनौपचारिक असल्यामुळे पुढे विचारात घेतली गेली नाही.) अडचण एवढीच होती की त्यांचा उजवा खांदा आता वर होत नव्हता.

हंबीररावांची सारी नोकरी सैन्याच्या भांडारात गेलेली. बंदुका त्यांनी मोजल्या, पुसल्या, तेल देऊन ठेवल्या. झाडल्या त्या सरावापुरत्या. हे ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना मिशीला हात लावत नाहीत. अशा माणसाला उठून दुकानात जाऊन वस्तू आणता येत नाही. त्याला आधी समिती लागते.

समितीत तिघे होते. अध्यक्ष स्वतः हंबीरराव. तांत्रिक सल्लागार नानासो, म्हणजे साळूबाईंचा धाकटा भाऊ. तो उंब्रजला लेथ चालवतो. तिसरे दूध डेअरीचे सेक्रेटरी भाऊसो. त्यांना बंदुकीतलं काहीच कळत नव्हतं, म्हणून ते निःपक्षपाती होते. बैठका डेअरीत, दूध घालून झाल्यावर होत. साळूबाईंना समितीत घ्यावं असं कुणालाच सुचलं नाही, कारण त्या वेळी त्या माळ्यावर असत.

समितीपुढे तीन पर्याय आले. पहिला, टेबलाला आवळून बसवायचं लांब दांड्याचं यंत्र. ते सर्वांना पसंत पडलं, पण हंबीररावांच्या घरचं टेबल डगमगत होतं. म्हणून आधी टेबल निवडण्यासाठी उपसमिती नेमली. (सभासद तेच.) दुसरा पर्याय, मुठीत मावणारा हातसंच. त्यात दोष काही सापडला नाही. पण तो दिसायला सोड्याच्या बाटलीचं बूच काढायच्या किल्लीसारखा होता, आणि सुभेदार एवढ्यावर भागवतात हे गावाला कळलं तर काय, असा गंभीर मुद्दा भाऊसोंनी काढला. तिसरा पर्याय नानासो स्वतः लेथवर करून देणार होता. त्याचा पहिला नमुना खरोखर साधा होता. दुसऱ्याला त्यानं चाक बसवलं. तिसऱ्याला उचलायला माणूस लागला.

शिवाय मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ होते. ती माणसं आपापल्या शेडमध्ये उभी राहून एकेका यंत्राची तासभर तारीफ करत आणि शेवटी, आपण मात्र दुसरंच वापरतो, असं सांगत. हंबीरराव ते सारे पाहत. आपण निवडत नाही, नुसती निवडायची तयारी करतोय, हे त्यांना मधूनमधून कळत होतं. पण तयारीत एक सुख असतं. तयारी कधी चुकत नाही.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दुकानातून आणलेली सहा काडतुसं हंबीररावांच्या कपाटात पहिल्या दिवसापासून होती. साळूबाईंना ती दिसली.

“आवं, ह्यातलं येक उडवा की,” त्या म्हणाल्या. “माझा खांदा लय भरून आलाय.”

“ती नमुन्याची हायती,” हंबीरराव म्हणाले. “नमुनाच उडिवला, तर आपलं भरल्यालं ताडून कशाशी बघायचं?”

साळूबाईंनी डबा उचलला आणि त्या माळ्यावर गेल्या.

अखेर दसऱ्याच्या तोंडावर निवड झाली. उपकरण खोक्यासकट घरी आलं आणि लाल कापडाखाली झाकून ठेवलं गेलं. भरणी मात्र दसऱ्याच्या मुहूर्तावरच करायची, कारण आदल्या दिवशी खंडेनवमी होती आणि पूजेआधी हत्यार वापरणं बरं दिसत नाही.

खंडेनवमीला पाटावर बंदूक मांडली, शेजारी लाल कापडातलं उपकरण, मग कोयते, विळे, खुरपी. पूजा पीक संरक्षणाच्या सर्व साधनांची व्हावी, असं भाऊसोंनी सुचवलं. हंबीररावांना ते मनापासून पटलं. एवढे दिवस बायको एकटी राखण करते, ही बोच त्यांना होतीच. त्यांनी स्वतः साळूबाईंचा डबा घासला, त्याला झेंडूची माळ घातली, दांडक्याला हळदकुंकू लावलं आणि दोन्ही बंदुकीच्या उजव्या हाताला मांडलं. साळूबाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या कामाला आजवर कुणी फूल वाहिलं नव्हतं.

आता, पुजलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, ही त्या घरची रीत. दिवेलागणीला मागच्या पट्टीत खुसपूस झाली. साळूबाईंनी सवयीनं डब्याकडे हात नेला आणि मागं घेतला.

“पुजलाय न्हवं तुमी,” त्या म्हणाल्या. “आता वाजवू कसा?”

हंबीररावांनी बंदुकीकडे पाहिलं. तिलाही माळ होती. मग दोघंही पट्टीत धावले आणि टाळ्या वाजवू लागले. डुकरांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा उकरायला सुरुवात केली. त्यांना बहुधा ते कौतुक वाटलं. (घरात परात होती, पातेली होती, हे दोघांनाही दुसऱ्या दिवशी चहा पिताना आठवलं.)

दसऱ्याच्या सकाळी पट्टी नांगरल्यासारखी झाली होती. साळूबाई मातीत बसून बोटांनी ढेकळं फोडत होत्या. हंबीररावही शेजारी बसले. लाजेनं मान खाली घालून तेही ढेकळं फोडू लागले. दुपारपर्यंत दोघांना मिळून मूठभर शेंगा मिळाल्या. सोनं द्यायला आलेल्या नानासोनं त्या पाहिल्या आणि दाजींना विचारलं, यंत्र चालवून बघितलं का. त्या शेंगा त्याच्याही आईच्या होत्या, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

साळूबाई एवढंच म्हणाल्या, “यंत्राच्या खोक्याचं झाकण घट बसतंय का?”

झाकण घट्ट बसत होतं. यंत्र बाहेर निघालं आणि बी आत गेलं. यंदा त्या मुठीचा एक वाफा लावला आहे आणि माळ्यावर हंबीरराव बसतात. डबा त्यांना साळूबाईंइतका चांगला वाजवता येत नाही, हेही तेच सांगतात.

उपकरणाची कीर्ती मात्र पसरली. पाटणहून, उंब्रजहून, थेट लोणंदहून बंदूकवाले चौकशीला येतात. हंबीरराव त्यांना माळ्याखाली बसवतात आणि सगळी हकिकत सांगतात, अगदी इथं सांगितली तशी, काहीही न गाळता. पाहुणे माना डोलावतात, समितीला हसतात, हळहळतातही. आणि सगळं ऐकून झाल्यावर तुमच्या मनात आत्ता जो प्रश्न आहे, तोच विचारतात, की शेवटी तिन्हीतलं घेतलं कुठलं?

हंबीररावांना दाखवायला काही हरकत नाही. उपकरणावरचं लाल कापड अजून तसंच आहे. फक्त आधी ते एक विचारतात, की साळूबाईंच्या दाण्याची साल कुठल्या रंगाची होती?

आजवर ते कापड उचलावं लागलेलं नाही.