शेलार मास्तरांचे दाढेपायीं दंतवैद्य उकिडवे यांची सनद गेली, त्याची हकीकत

श्री. ज्याचा एक दांत मोडला असतां कोणी जाब पुसला नाहीं, त्या गजाननास नमन. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, एका राज्यांत दंतवैद्य श्रीनिवासराव उकिडवे यांजवर जो प्रसंग गुदरला, तो ऐकिला तैसा लिहिला आहे.

उकिडवे चाळीस वर्षें एकेच पेठेंत दांत पाहत आले. वय बहात्तर, हात हलका, लौकिक थोर. त्यांचे परम स्नेही केरबा शेलार मास्तर. मास्तरांची उजवीकडील खालची शेवटली दाढ किडोन ठणकूं लागली, म्हणोन मास्तर खुर्चीवर विराजमान जाहले, आणि वैद्यांनीं बधिर करण्याची सुई दिली आणि चिमटा घातला. परंतु दृष्टी मंदावली होती, हे गोष्ट वैद्यांनीं आपले मनासही सांगितली नव्हती, आणि चिमटा शेजारचे दाढेस लागला. डोईवरील दिव्याचे कांचेंत मास्तरांस आपलें तोंड दिसत होतें, त्यांस तत्काळ कळलें. हात वर करावा, तों भीड आडवी आली. एवढा मोठा वैद्य, त्यास चुकलांत ऐसें कोण्या तोंडें म्हणावें? मग दाढ आली. वैद्यांनीं उजेडीं धरिली तों मुळासकट धडधाकट, कीड नाहीं. मग ती कापसांत गुंडाळोन खिशांत घातली आणि बोलिले, "झालं, मास्तर." मास्तर बोलिले, "कळलंसुदीक न्हाई, डॉक्टर." दोघांस सर्व ठाऊक.

घरीं ठणका तैसाच. मास्तरांची कन्या वनिताबाई यांनीं दुसरे वैद्याकडे एक्स-रेची तसबीर काढविली, तों किडकी दाढ जागेवर आणि शेजारीं भगदाड. ते वैद्य काढूं म्हणाले, तों मास्तर उठोन चालते जाहले, "माझ्या तोंडात हात घालतील तर उकिडवेच!" मग बाईंनीं संतापोन राज्याचे दंतमंडळाकडे फिर्याद केली.

दरबार भरला. पांच पंच, मधें सभापती. मास्तरांस पाचारिलें, ते उभे राहोन बोलिले, "ती दाढ मीच बोटानं दावली. डॉक्टरांस्नी बोल लावू नका." पंच मान डोलावूं लागले. वैद्य गप्प राहते तर सनद वांचती. परंतु त्यांस तें सोसवेना. खिशांतील कापूस उलगडोन दाढ मेजावर ठेविली आणि बोलिले, "मास्तर माझ्यासाठी खोटं बोलतायत. दाढ हातात आली तेव्हाच मला कळलं होतं. मला नीट दिसत नाही, आणि मी ते लपवलं." मग सभापतींनीं हुकूम फर्माविला कीं, चूक एक वेळ माफ जाहली असती. लपविली, सबब सनद पांच वर्षें जप्त, तोंवर कोणाचे दांतास हात लावूं नये. पांच वर्षांनीं वय सत्याहत्तर. वैद्य काय तें समजले.

बाहेर पायरीवर मास्तर भेटले. गाल सुजलेला. रागें बोलिले, "जल्मात पैल्यांदा खोटं बोललो, ते बी तुमच्यापायी, अन् तुमी मलाच उघडं पाडलंसा!" मग गालास हात लावोन रडूं लागले. "लई ठणकतंय वो. आता कुनाला दावू?"

वैद्यांचा हात सवयीनें मास्तरांचे हनुवटीपावेतों गेला, आणि हुकूम आठवोन मागें आला. "कोणालाही दाखवा, मास्तर," इतकेंच बोलिले आणि चालूं लागले.

तात्पर्य लिहावें ऐसें कांहीं नाहीं. दवाखान्याची पाटी उतरली. मास्तर अद्यापि डावे बाजूनेंच जेवितात.