अर्जदार चोर आहे असे गृहीत धरावे

एका मोबाइल कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुखांचा फोन मंगळवारी सकाळी कपडे भिजवलेल्या बादलीत पडला आणि जागीच निवर्तला. या प्रमुखांना ऑफिसात सगळे कुलूपसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होते आणि मनातून थोडे आवडतही होते.

घटना गंभीर असली तरी कुलूपसाहेब डगमगले नाहीत. कंपनीने बक्षीस दिलेला नवाकोरा फोन कपाटात पडून होता. त्याला सिम घालायची खाचच नव्हती. सिम फोनच्या पोटात कायमचे बसवलेले; त्यात भरायचा नंबर आणि गुप्त किल्ल्या कंपनीच्या यंत्राकडून हवेतून यायच्या. त्या वाटेत कोणी लुबाडू नयेत म्हणून सतरा नियमांची कार्यपद्धती होती, आणि ती खुद्द कुलूपसाहेबांनी लिहिली होती. तिचे पहिले वाक्य होते, ‘अर्जदार चोर आहे असे गृहीत धरावे.’ बक्षीस मिळाले ते या वाक्यालाच. समारंभात लोकांनी ते पुन्हा वाचायला लावले होते.

साहेबांनी नव्या फोनवर अर्ज भरला. फोन म्हणाला, खात्रीचा आकडा तुमच्या नंबरवर पाठवला आहे. नंबर बादलीत होता. हा नियम तीन. आपण किती चोख काम केले आहे हे पाहून साहेबांचा ऊर क्षणभर भरून आला.

तेवढ्यात बायको दारात आली.

“अहो, अप्पा फिरून अजून आले नाहीत. अर्ध्या तासात येतात रोज. दीड तास होत आला.”

अप्पा म्हणजे साहेबांचे वडील. वय एक्क्याऐंशी. वर्षभरात त्यांना बरेच काही आठवेनासे झाले होते. गेल्या महिन्यात तर ते शेजारच्या इमारतीत जाऊन आपली समजून कोणाच्या तरी खुर्चीत झोपले होते. तेव्हापासून त्यांच्या खिशात साहेबांचे ऑफिसचे कार्ड असे. त्यावर एकच नंबर, साहेबांच्या मोबाइलचा. बायको म्हणाली होती, माझाही लिहा. साहेबांनी तिला समजावले होते की दोन नंबर म्हणजे दोन भगदाडे.

“मी गल्ल्या बघते,” बायको चपला घालत म्हणाली. “तुम्ही आधी नंबर चालू करून आणा. कोणाला अप्पा सापडले तर तो काय बादलीत फोन करणार?”

साहेब धावतच कोपऱ्यावरच्या कंपनीच्या सेवा केंद्रात गेले आणि एकतीस नंबरचे टोकन घेऊन बसले. रांग मोडून पुढे घुसणाऱ्याकडे विशेष संशयाने पाहावे, हा नियम पाच होता.

पाळी आली. काउंटरवर एक चटपटीत मुलगी होती.

“जुना फोन कुठे आहे सर?”

“बिघडलाय. पाण्यात पडला.”

“म्हणजे तुमच्याकडे नाहीये.” तिने टंकले. “चोरसुद्धा हेच सांगतात. चेहरा जुळवून बघू या.”

यंत्राने साहेबांचा चेहरा पाहिला आणि चौदा वर्षांपूर्वीच्या अर्जावरचा फोटो पाहिला. जुळणी एकेचाळीस टक्के. फोटोतल्या माणसाला मिशी होती आणि केस होते.

“मिशी काढलीत का?”

“हो. आणि केस आपले आपण गेले.”

“चेहऱ्यात हेतुपुरस्सर बदल,” ती टंकत म्हणाली. “नियम आठ.”

साहेब काउंटरवर वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ बाळ, हे नियम मीच लिहिलेत. मी तुमच्या सुरक्षा विभागाचा प्रमुख आहे.”

मुलीचा चेहरा एकदम कडक झाला. “नियम अकरा. अर्जदार आपण कंपनीतलेच बडे अधिकारी आहोत असं सांगू लागला तर संशय दुप्पट करावा.”

तो नियम साहेबांना एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, सुचला होता. पोट भरलेल्या माणसाने नियम लिहू नयेत, असे त्यांना आज प्रथमच वाटले. त्यांनी केंद्रातल्या फोनवरून आपल्या ऑफिसात फोन लावला. सहायकाने उचलला.

“अरे, मी बोलतोय. माझा आवाज ओळखलास ना?”

“ओळखला सर. म्हणूनच विश्वास ठेवत नाहीये. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल होते, तुम्हीच शिकवलंय.”

“शाब्बास,” साहेबांच्या तोंडून निघून गेले. “पण माझे वडील हरवलेत रे. अपवाद म्हणून मंजुरी दे.”

“अपवादाला सुरक्षा प्रमुखांची मंजुरी लागते सर. आत्ताच त्यांच्या मोबाइलवर मेसेज टाकलाय. त्यांचं उत्तर आलं की पाच मिनिटांत काम होईल.”

साहेबांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. सव्वादहा वाजले होते. रहदारीचा मोठा रस्ता, त्यापलीकडचा कालवा, हे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढे येऊ लागले. कार्यपद्धतीच्या एकाही नियमात कालवा नव्हता.

“माझे वडील हरवलेत,” ते मुलीला म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. “त्यांच्याकडे फक्त हाच नंबर आहे.”

मुलगी विरघळली. ती मुळात चांगली होती, आणि वाईट वाटून घ्यायला नियमांची मनाई नव्हती. तिने कार्यपद्धती वर-खाली केली आणि तिचा चेहरा उजळला.

“आहे सर, सोय आहे! नियम चौदा. रक्ताच्या नात्यातली व्यक्ती समक्ष येऊन ‘हा तोच’ म्हणाली, तर नंबर ताबडतोब चालू करता येतो. वडील चालतात. त्यांना घेऊन या ना!”

साहेब काउंटरवर डोके टेकून हसले. हसता हसता त्यांचे डोळे गळू लागले. मुलीने कागदी रुमाल पुढे केला आणि नोंद केली, ‘अर्जदार भावनिक दबाव आणत आहे.’

तेव्हा दार ढकलून एक न्हावी आत आला. त्याने एका म्हाताऱ्याचा दंड धरला होता. म्हाताऱ्याच्या गळ्यात पांढरे कापड होते, डावा गाल तुळतुळीत होता आणि उजव्यावर वाळलेला फेस होता.

“हा नंबर तुमच्याच कंपनीचा ना?” न्हाव्याने कार्ड आपटले. “पाच वेळा लावला, लागत नाही. हे आजोबा दाढीला बसले आणि मधेच विचारायला लागले, आपण इथं कशाला आलो. यांना घरी कोण नेणार?”

“अप्पा!” साहेब ओरडले.

“थांबा,” मुलगी न्हाव्याला म्हणाली, “तुमचं ओळखपत्र?”

“वस्तरा दुकानात राहिला,” न्हावी म्हणाला. “म्हातारा माणूस वाट चुकला, म्हणून आणला. त्याला काय ओळखपत्र लागतं?”

साहेबांनी अप्पांना मिठी मारली आणि त्यांचा अर्धा फेस आपल्या शर्टाला पुसून घेतला. अप्पांनी ती सभ्यपणे सहन केली. मुलगी उत्साहाने काउंटर सोडून बाहेर आली.

“आजोबा, नीट बघून सांगा. हे कोण?”

अप्पांनी पाहिले. डोळे बारीक करून, कपाळापासून हनुवटीपर्यंत पाहिले. साहेब त्यांच्या डोळ्यांत बघत ताठ उभे होते.

“नाही बुवा,” अप्पा म्हणाले. “माणूस भला दिसतो. पण याला कधी पाहिलेलं नाही.”

साहेबांनी हातातल्या नव्या फोनकडे उगाचच नजर वळवली, कारण अशा वेळी माणूस दुसरीकडे कुठे बघणार?

“थांब थांब, असाच थांब,” अप्पा एकदम खुशीत आले. ते साहेबांच्या खाली घातलेल्या मानेकडे, टकलाच्या गोल तुकड्याकडे बोट दाखवत होते. “हा तर आमचाच! रोज माझ्यासमोर असाच बसतो जेवायला.”

मुलीने टंकले, ‘ओळख पटली.’ नंबर तत्क्षणी चालू झाला. पाच न लागलेल्या फोनांची नोंद आली, आणि एक मेसेज: एका संशयित अर्जदाराला अपवाद करावा काय?

रांगेत अठ्ठावीस माणसे होती, पण हा सोहळा कोणीच पाहिला नाही. सगळे आपापल्या फोनमध्ये होते. तुम्ही असतात तर नक्की पाहिला असता. हे वाचून झाले की मान वर करा आणि समोर जो कोणी बसला आहे त्याला विचारा, ओळखलंस का? तो थोडा वेळ घेईल. घेऊ द्या.